फरकाची वही

गेल्या शनिवारी आईच्या तगाद्याला कंटाळून बाबांचं लोखंडी कपाट आवरायला बसलो. (हे काम दर दिवाळीला निघतं आणि दर दिवाळीला राहतं.) एलआयसीच्या पावत्या, १९९१ पासूनची लाइट बिलं, बंद पडलेलं एचएमटीचं घड्याळ, आणि अगदी तळाशी निळ्या पुठ्ठ्याची एक वही. वर बाबांच्या वळणदार अक्षरात एकच शब्द: 'फरक'.

मला वाटलं, तरुणपणच्या कविता निघतात की काय! उघडली तर आत नुसत्या तारखा आणि आकडे.

"बाबा, हे काय?"

"अरे, फरकाची वही ती! कुठे सापडली तुला?" त्यांनी चष्मा लावला, वही मांडीवर घेतली आणि पुढचा दीड तास कपाट तसंच उघडं राहिलं. आई काय म्हणाली ते इथे लिहीत नाही.

बाबा एका सरकारी बँकेत क्लार्क होते. १९७६ ला लागले, २००१ ला बाहेर पडले. पहिली सहा-सात वर्षं सांगली जिल्ह्यातल्या एका तालुक्याच्या गावी, नंतर पुण्यात. एवढं मला माहीत होतं. ते तिथे दिवसभर नेमकं काय करायचे हे मात्र मी कधी विचारलं नव्हतं. मी स्वतः बँकांच्या सॉफ्टवेअरवर पोट भरतो, तरीही.

तर थोडी पार्श्वभूमी, विशेषतः ज्यांनी बँकेत पाऊल टाकलं तेच एटीएम कार्ड हातात घेऊन, त्यांच्यासाठी. त्या काळी प्रत्येक खात्याला लेजरमध्ये एक पान असे. चेक आला किंवा पैसे भरले की लेजर कीपर त्या पानावर नोंद करणार, नवी शिल्लक काढणार, अधिकारी तपासून बारीक सही ठोकणार. शाखेत सेव्हिंग्जची अशी दहा-बारा जाडजूड लेजरं. आणि जनरल लेजरमध्ये एकच आकडा, सगळ्या सेव्हिंग्ज खात्यांची मिळून शिल्लक. आता हजारो पानांवरच्या शिलकांची बेरीज आणि तो एक आकडा जुळलाच पाहिजे. या जुळवण्याला म्हणायचं बॅलन्सिंग, आणि जे जुळत नाही तो फरक.

वहीतली एक नोंद जशीच्या तशी देतो:

'३०.६.८४. फरक ६३.०० रु. तीन दिवस. लेजर ११, पान २०४. २,३८१ चे २,३१८. शोधला: मी.'

"त्रेसष्ट आला ना, की आधी नऊने भागायचं," बाबा म्हणाले. "भाग गेला, सात आले. म्हणजे कोणीतरी दोन आकड्यांची अदलाबदल केलीय, आणि त्या दोन आकड्यांत सातचं अंतर आहे. एक्याऐंशीचे अठरा, ब्याण्णवचे एकोणतीस. मग सगळी पानं चाळायची नाहीत. फक्त सात-शून्य, आठ-एक आणि नऊ-दोन शोधायचे."

"आणि नऊने भाग नाही गेला तर?"

"तर अर्धा करायचा. जमेची रक्कम नावे पडली असेल तर फरक दुप्पट दिसतो. अर्ध्या रकमेचं व्हाउचर हुडकायचं."

मंडळी, मी गेली वीस वर्षं याला डीबगिंग म्हणतो आणि त्याचा पगार घेतो.

व्याजाची गंमत तर अजून न्यारी. सेव्हिंग्ज खात्यावर व्याज मिळायचं ते महिन्याच्या १० तारखेपासून शेवटच्या तारखेपर्यंतच्या किमान शिलकेवर. २५ तारखेला पैसे काढून २६ ला परत भरले तरी त्या महिन्याचं व्याज गेलं. लहानपणी मला वाटायचं, बँका लबाड असतात. खरं कारण साधं होतं, हाताने रोजच्या शिलकेवर व्याज काढणं माणसांना शक्यच नव्हतं. रिझर्व्ह बँकेने हा नियम बदलला १ एप्रिल २०१० पासून, म्हणजे शाखा संगणकावर आल्यावर. तोवर प्रत्येक लेजर कीपर प्रत्येक पानाच्या कडेला महिन्याचा किमान आकडा डोळ्यांनी हेरून लिहायचा आणि सहामाहीला त्यावर व्याज काढायचा. तेव्हा बँकांचं वर्ष जानेवारी ते डिसेंबर, म्हणजे ३० जून आणि ३१ डिसेंबर या दोन रात्री बाबा घरी नसायचे. माझ्या आठवणीतला ३१ डिसेंबर म्हणजे आई, मी आणि दूरदर्शन.

असो. मी वही चाळत होतो, तेव्हा आकड्यांपेक्षा शेवटच्या रकान्याकडे लक्ष गेलं. 'शोधला' या रकान्यात पहिली चार-पाच पानं एकच नाव: 'दादा'. मग 'दादा + मी'. ८२-८३ पासून 'मी'. ८७ च्या सुमारास 'मी + नवा मुलगा'. मग दोन-तीन ठिकाणी नुसतंच 'नवा मुलगा', आणि एकदा त्यापुढे कंसात 'शाब्बास'.

दादा म्हणजे शाखेतले सगळ्यात जुने लेजर कीपर. बाबांना पहिल्या सहामाहीला फरक सापडेना, तेव्हा दादा म्हणे शेजारी येऊन बसले, डबा उघडला, अर्धी भाकरी बाबांना दिली आणि म्हणाले, "नऊने भागलंस का?" बस्स, एवढंच प्रशिक्षण. बाबांनी तेच पुढे नव्या मुलाला दिलं. (भाकरीऐवजी पोळी.)

आपल्याकडे संस्था बदलते म्हटलं की चर्चा नोकऱ्यांची होते. किती जाणार, किती राहणार. त्या शेवटच्या रकान्याची होत नाही. बँकांच्या संगणकीकरणाचा इतिहास मी जेवढा वाचलाय त्यात मला हेच खटकत आलंय, आणि वही हातात आल्यावर ते नीट सांगता येईल असं वाटलं, म्हणून हा लेख.

थोडं मागे जाऊ. १९ जुलै १९६९ ला १४ बँकांचं राष्ट्रीयीकरण झालं, एप्रिल १९८० मध्ये आणखी ६ बँकांचं. १९६९ मध्ये देशात बँकांच्या सुमारे ८ हजार शाखा होत्या, १९९१ पर्यंत त्या ६० हजारांच्या घरात गेल्या. एवढ्या शाखा चालवायला माणसं हवीत. म्हणून सत्तर आणि ऐंशीच्या दशकांत अक्षरशः गावोगावची बी.कॉम., बी.ए. झालेली मुलं-मुली परीक्षा देऊन बँकेत शिरली. मराठी मध्यमवर्गाचं एक आख्खं पर्व त्यावर उभं राहिलं. बँकेतला जावई म्हटलं की पत्रिका पाहायची राहून जायची म्हणे.

आत शिरलेल्याला शिडी दिसत होती. आधी आवक-जावक, मग टोकन आणि करंट खाती, मग सेव्हिंग्ज लेजर, क्लिअरिंग, ड्राफ्ट आणि बिलं, कर्जं, शेवटी डे-बुक आणि जनरल लेजर. टेबलं फिरत राहायची. सात-आठ वर्षांत माणसाला आख्खी शाखा कळायची, कोणी मुद्दाम शिकवलं नाही तरी. सोबत इंडियन इन्स्टिट्यूट ऑफ बँकर्सच्या (मुंबईतली १९२८ सालची संस्था) सीएआयआयबीच्या परीक्षा, पास झालं की पगारवाढ. अधिकाऱ्यांच्या श्रेण्या पूर्वी प्रत्येक बँकेत वेगळ्या होत्या. पिल्लई समितीच्या १९७४ च्या अहवालानंतर १ जुलै १९७९ पासून राष्ट्रीयीकृत बँकांत स्केल एक ते स्केल सात अशी एकसारखी उतरंड आली. आजही 'स्केल टू लागला' हे वाक्य ऐकू येतं ते तिथून.

या शिडीची एक पायरी मात्र भलतीच उंच होती. क्लार्कचा अधिकारी झाला की बदली. कुठेही. बाबांना प्रमोशन तीनदा येऊ घातलं होतं आणि तिन्ही वेळा त्यांनी नको म्हणून सांगितलं. पहिल्यांदा आजी आजारी होती, दुसऱ्यांदा माझी शाळा, तिसऱ्यांदा आईची नोकरी. आमच्या घरात याबद्दल कोणी बोलत नाही, पण बाबांच्या बरोबरीचे, त्यांच्याकडूनच बॅलन्सिंग शिकलेले काही जण पुढे चीफ मॅनेजर म्हणून निवृत्त झाले हे सगळ्यांना माहीत आहे. त्या काळच्या सरकारी बँकेत असे लोक प्रत्येक शाखेत असत. काम सगळं येतं, हुद्दा क्लार्कचाच. शाखा चालायची ती त्यांच्या जिवावर, आणि अधिकारी तीन वर्षांनी बदलून जायचा. कागदावरच्या शिडीशेजारी ही दुसरी, न दिसणारी शिडी उभी होती. 'दादा' हे तिचं सगळ्यात वरचं पद.

मग यंत्र आलं.

यंत्राबद्दलची भीती जुनीच होती. १९६० च्या दशकात एलआयसीने संगणक आणायचं ठरवलं, तेव्हा कलकत्त्यातल्या इलाको हाऊसमध्ये तो येऊ नये म्हणून कर्मचाऱ्यांनी इमारतीवर पहारे दिले होते. आज आपण हसतो. मीही कॉलेजात असताना हसायचो, युनियनवाले म्हणजे प्रगतीचे शत्रू वगैरे. पण ज्या देशात एका क्लार्कच्या जागेसाठी शेकडो अर्ज यायचे, तिथे माणसांचं काम यंत्राला देण्याबद्दल शंका घेणं हा काही गाढवपणा नव्हता.

बँकांमध्ये हा प्रश्न भांडणाने कमी आणि करारांनी जास्त सुटला. इंडियन बँक्स असोसिएशन एका बाजूला, ऑल इंडिया बँक एम्प्लॉईज असोसिएशनसारख्या (स्थापना १९४६) संघटना दुसऱ्या बाजूला. पहिला महत्त्वाचा करार १९८३ चा. त्याच सुमारास रिझर्व्ह बँकेचे तेव्हाचे डेप्युटी गव्हर्नर सी. रंगराजन यांच्या अध्यक्षतेखाली समिती नेमली गेली, तिचा अहवाल १९८४ मध्ये आला. शाखेत यंत्र, विभागीय कार्यालयात यंत्र, मुख्य कार्यालयात यंत्र, अशी आखणी त्यात होती. शाखेतल्या यंत्राचं नाव 'अॅडव्हान्स्ड लेजर पोस्टिंग मशीन', बोलताना एएलपीएम. होता तो संगणकच, पण नावात 'संगणक' हा शब्द नाही. माझ्या मते बारशालाच निम्मी वाटाघाट उरकली! पुढे १९८७ आणि १९९३ चे करार. रंगराजन यांच्याच दुसऱ्या समितीचा अहवाल १९८९ चा.

करारांत काय ठरायचं? यंत्र कुठे, किती, कशासाठी. यंत्रामुळे कोणाला काढणार नाही. यंत्रावर बसणाऱ्याला विशेष भत्ता. हे सगळं मिळवणं सोपं नव्हतं, आणि त्या पिढीची घरं त्यावर सुरक्षित राहिली. त्यातलं एक आमचं.

भत्त्याची जागा मात्र सेवाज्येष्ठतेने. बाबांच्या शाखेत एएलपीएम आलं १९८९ मध्ये, आणि त्यावर पहिला हक्क अर्थातच शाखेतल्या सगळ्यात ज्येष्ठ माणसाचा, जो कीबोर्डला हात लावायच्या आधी रुमालाने पुसून घ्यायचा. की-बोर्ड नव्हे, हात. दोन महिन्यांत त्यांनी हात टेकले आणि बाबांचा नंबर लागला. बाबांना ते यंत्र आवडलं. इतकं, की ते रविवारी त्याचं मॅन्युअल घरी आणून वाचायचे. (आमच्या घरातलं पहिलं तांत्रिक पुस्तक म्हणजे ते मॅन्युअल. मला त्यातला फ्लॉपीचा फोटो आठवतो.)

"मग फरक यायचा बंद झाला?" मी विचारलं.

"बेरजेचा बंद झाला. चुकीच्या खात्यावर पोस्टिंग व्हायचंच की. पण ते बॅलन्सिंगला कळायचं बंद झालं, कारण बेरीज जुळायची."

हे वाक्य मी मुद्दाम लिहून ठेवलंय. रमेशचे हजार रुपये सुरेशच्या खात्यात गेले तर एकूण बेरीज बरोबरच राहते. ती चूक लेजरमध्येही होऊ शकायचीच. पण लेजर कीपर पान उघडताना नाव वाचायचा, सही ओळखायचा, 'यांचे एवढे पैसे कसे' असं मनात यायचं. यंत्रावर खाते क्रमांक टाकला की झालं. बेरजेचं काम यंत्राने घेतलं, आणि बेरीज करता करता माणसाच्या डोक्यात जे आपोआप साठत होतं ते साठायचं थांबलं. करारात त्याचं कलम नव्हतं. कसं असणार? मोजता येतं तेच करारात येतं.

नव्वदीत सगळंच वेगाने झालं. १९९१ ची पहिली नरसिंहम समिती, १९९४-९५ च्या सुमारास एचडीएफसी, आयसीआयसीआयसारख्या नव्या खासगी बँका. त्या जन्मल्याच संगणकासह, आणि अनुभवी माणसं त्यांनी उचलली ती सरकारी आणि परदेशी बँकांतून. १९९८ मध्ये दुसऱ्या नरसिंहम समितीने सरकारी बँकांत माणसं जास्त झाल्याचं आणि स्वेच्छानिवृत्तीचं बोलून दाखवलं. त्याच वर्षी एक मजेदार गोष्ट घडली. केंद्रीय दक्षता आयुक्त एन. विठ्ठल यांनी आदेश काढला की १ जानेवारी २००१ पर्यंत बँकांनी आपला ७० टक्के व्यवसाय संगणकावर आणावा. दक्षता आयुक्ताचा काय संबंध? संबंध असा, की हाताने ठेवलेल्या आणि महिनोन् महिने न जुळलेल्या हिशोबांत घोटाळे लपतात. ज्या फरकाच्या मागे बाबा तीन-तीन रात्री लागायचे, तो न शोधता तसाच सोडणाऱ्या शाखाही देशात होत्या, आणि कमी नव्हत्या. जुन्या व्यवस्थेबद्दल फार गहिवरून जायचं कारण नाही.

बाबांच्या शाखेत संपूर्ण संगणकीकरण १९९७ मध्ये झालं. वहीतली शेवटची नोंद त्याच वर्षाची आहे. पण 'नवा मुलगा' हा शब्द शेवटचा येतो १९९१ मध्ये. कारण त्यानंतर नवा मुलगा आलाच नाही! माणसं जास्त आहेत म्हटल्यावर नव्वदीत सरकारी बँकांनी क्लार्कची भरती जवळजवळ थांबवली. भरती करणारी बँकिंग सर्व्हिस रिक्रूटमेंट बोर्डं तर २००१ मध्ये गुंडाळलीच. बाबांच्या शाखेत दहा वर्षं सगळ्यात लहान माणूस तोच राहिला, ज्याला वहीत 'शाब्बास' मिळाली होती. शेवटी त्याचे केस पिकले तरी तो नवा मुलगाच.

आता व्हीआरएस. २०००-०१ ची ही योजना. १५ वर्षं नोकरी झालेला किंवा ४० वर्षांचा झालेला कोणीही अर्ज करू शकत होता. झालेल्या प्रत्येक वर्षामागे ६० दिवसांचा पगार, किंवा उरलेल्या नोकरीचा पगार, यातलं जे कमी असेल ते. सरकारी बँकांतून मिळून एक लाखाच्या आसपास माणसं काही महिन्यांत बाहेर पडली. एवढी गर्दी होईल अशी कोणाची कल्पना नव्हती. काही जणांनी अर्ज देऊन रात्रभर झोप न लागल्यावर तो मागे घेतला, बँकांनी 'आता मागे घेता येणार नाही' म्हटलं, आणि प्रकरण सर्वोच्च न्यायालयात गेलं. बँक ऑफ इंडियाच्या खटल्यात डिसेंबर २००२ मध्ये न्यायालयाने सांगितलं, की योजना हे नुसतं आमंत्रण आहे, बँकेने मंजूर करेपर्यंत कर्मचारी अर्ज मागे घेऊ शकतो. मात्र ज्यांनी योजनेचे पैसे घेतले त्यांना परतीची वाट नव्हती.

बाबांनी पैसे घेतले. वय ४८. मी तेव्हा इंजिनिअरिंगच्या दुसऱ्या वर्षाला होतो आणि फी भरायची होती. मला तेव्हा सांगितलं गेलं ते एवढंच, की बाबांना कंटाळा आलाय. परवा पहिल्यांदा सरळ विचारलं.

"कंटाळा नव्हता रे. काम नव्हतं. टेबल होतं, खुर्ची होती, स्क्रीन होता. पण माझ्याकडे कोणी काही विचारायला यायचं बंद झालं होतं. आणि अधिकारी व्हायची वेळ मी घालवून बसलो होतो."

"पण यंत्र तर तुम्हाला येत होतं! तुम्हीच का गेलात?"

"ज्याला येत होतं तोच गेला. ज्याला बाहेर काही जमेल असं वाटत होतं तो गेला. ज्यांनी जावं असं वाटत होतं ते बसून राहिले."

(बाबांनी पुढे आठ वर्षं दोन पतसंस्थांचे हिशोब पाहिले. तिथे लेजरं होती.)

आता माझी बाजू. २००४ ला नोकरीला लागलो आणि २००५ मध्ये पहिलाच मोठा प्रोजेक्ट मिळाला, एका बँकेचं कोअर बँकिंग. प्रत्येक शाखेत जे सुटं सॉफ्टवेअर होतं त्यातला डेटा उचलून मध्यवर्ती प्रणालीत ओतायचा. मी डेटा स्वच्छ करायच्या स्क्रिप्ट लिहायचो. एका तालुक्याच्या शाखेच्या डेटात काही खातेदारांच्या नावापुढे दोन टिंबं होती. नाव, आडनाव, दोन टिंबं. मी कचरा समजून उडवली. चाचणीत बेरजा जुळल्या, सगळं हिरवं. त्या आठवड्यात घरी जेवताना गंमत म्हणून बाबांना सांगितलं, की तुमचे लोक डेटा काय घाण भरतात, नावात टिंबं काय देतात.

बाबांचा घास हातातच राहिला.

"सगळ्या बायका आहेत का त्यात? म्हाताऱ्या?"

"बऱ्याचशा. का?"

"अंगठा असणार. लेजरवर आम्ही लाल शाईने खूण करायचो. अंगठेवाल्याचं खातं असलं की पैसे देताना तो स्वतः समोर लागतो, फोटो ताडून बघायचा, साक्षीदार घ्यायचा. तुमच्या त्या सॉफ्टवेअरला लाल शाई नव्हती, म्हणून कोणीतरी टिंबं दिली असतील. विचार उद्या शाखेत."

विचारलं. तसंच निघालं. ती खूण देणारा क्लार्क व्हीआरएस घेऊन केव्हाच गेला होता. नव्या प्रणालीत त्या खात्यांना रीतसर वेगळं चिन्ह लावलं, बाकीच्या शाखांचा डेटा पुन्हा तपासला, आणि त्यात अजून तीन प्रकारच्या खुणा सापडल्या. एकीचा अर्थ शेवटपर्यंत कोणालाच सांगता आला नाही. ज्यांना माहीत होता ते नव्हते. प्रोजेक्ट वेळेवर संपला, मला त्या वर्षी चांगलं रेटिंग मिळालं. बाबांचं नाव अर्थातच कुठल्या डॉक्युमेंटमध्ये नाही.

पुढे काय झालं ते बँकेत काम करणाऱ्या कोणालाही विचारा. २०१० मध्ये ए. के. खंडेलवाल समितीने सरकारी बँकांच्या मनुष्यबळाबद्दल अहवाल दिला. सत्तर-ऐंशीत भरलेली पिढी एकदम निवृत्तीला आलेली, आणि तिच्या मागे मधली फळीच नाही. भरतीच झाली नव्हती तर मधली फळी येणार कुठून! मग पुन्हा घाऊक भरती सुरू झाली, २०११ पासून आयबीपीएसची सामाईक परीक्षा आली. तिशीच्या आतली मुलं ब्रँच मॅनेजर झाली. हुशार मुलं. पण शेजारी डबा उघडून बसणारा कोणी नाही.

हे सगळं आत्ता लिहायचं कारण वही तर आहेच, पण अजून एक आहे. माझ्या हाताखाली आता चाळीस माणसं आहेत आणि पुढच्या वर्षाचा मनुष्यबळाचा आराखडा मला द्यायचा होता. त्यात फ्रेशर्सच्या रकान्यात शून्य टाकायला सांगण्यात आलं. छोटे बग, टेस्ट केसेस, डेटाची साफसफाई ही नव्या मुलांना आपण देतो ती कामं आता एआय करतं, मग फ्रेशर कशाला? हिशोब म्हणून बरोबर आहे. मी स्वतः करून पाहिलाय, बेरीज जुळते. टिंबं उडवणारी स्क्रिप्ट ते साधन माझ्यापेक्षा लवकर लिहील.

मी शून्याच्या जागी चार लिहिले. कारणाच्या रकान्यात काय लिहावं हे सुचेना. 'पाच वर्षांनी सीनियर कोण होणार' असं लिहून पाहिलं, खोडलं, पुन्हा लिहिलं आणि पाठवलं. सोमवारी त्यावर कॉल आहे. चाराचे दोन होतील असा माझा अंदाज आहे, पण शून्य होऊ देणार नाही एवढं ठरवलंय.

वही मी माझ्याकडे घेऊन आलोय. बाबा म्हणाले ने, पण १९८६ च्या डिसेंबरचा बारा रुपयांचा फरक अजून उघडाच आहे, तो सापडला तर कळव. मी म्हटलं, बारा म्हणजे नऊने भाग जात नाही.

"अर्धा कर," बाबा म्हणाले.